दहा हजार डाव

मागच्या दिवाळीत, पाडव्याच्या दुपारी, जेवणं उरकून घर लवंडलं होतं तेव्हा माझा भाचा गच्चीवर माझ्याजवळ येऊन बसला. पुण्यात कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. थोडं इकडचं तिकडचं बोलला आणि मग आवाज खाली आणून म्हणाला, "मामा, एक विचारू? आईला सांगू नकोस. ऑनलाइन पोकर खेळायचं म्हणतोय. पैसे लावून. इंटर्नशिपचे आठ हजार बाजूला ठेवलेत. तू खेळायचास ना?"

खेळायचो. जून २०२० ते ऑगस्ट २०२१, चौदा महिने. घरात हे कुणाला ठाऊक नसेल असा माझा समज होता. माझी एक हिशेबाची वही होती, तीही कुणाला दाखवलेली नव्हती.

पाडव्याला हा विषय निघावा याचं तसं नवल नाही. या दिवसाचं एक जुनं नाव द्यूतप्रतिपदा. पार्वतीने शंकराला याच दिवशी द्यूतात हरवलं, अशी कथा सांगतात. आमच्या आजोळीही पाडव्याला पत्त्यांचा डाव पडायचा, चिंचोके लावून. ज्याच्याकडे चिंचोके जास्त, त्याला रात्री करंज्या जास्त. भाच्याने तो डाव लहानपणी पाहिलेला आहे.

त्याला तिथल्या तिथे "नको" म्हणता आलं असतं. पण मामाच्या एका नकाराने बाविशीतला मुलगा थांबत नाही. तो फक्त विचारायचं थांबतो. म्हणून त्याला म्हटलं, तीन दिवस आहेस ना, बसू निवांत. त्या तीन दिवसांत जे बोललो, आणि नंतर मी जे पडताळून पाहिलं, ते इथे लिहितो आहे. घराघरांत असे भाचे आहेत, आणि त्यांतले बरेचसे विचारायलाही येत नाहीत.

आधी कायदा. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. लोकसभेत २० तारखेला, राज्यसभेत २१ला मंजुरी, २२ला राष्ट्रपतींची संमती. पैसे लावून खेळायचा कोणताही ऑनलाइन खेळ, मग तो कौशल्याचा असो, नशिबाचा असो की दोन्हींचा, चालवायला बंदी. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड. पैशांची देवाणघेवाण करून देणाऱ्यालाही शिक्षा आहे. देशातल्या मोठ्या पोकर कंपन्यांनी लगोलग पैशांचे टेबल बंद केले.

"पण खेळणाऱ्याला शिक्षा नाही," भाचा म्हणाला. वाचून आला होता. बरोबर आहे, या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही. मग तो खेळणार कुठे होता? त्याच्या होस्टेलमधली मुलं परदेशातल्या एका ॲपवर खाजगी 'क्लब'मध्ये खेळतात. ॲपवर दिसतात ते नुसते आकडे. त्या आकड्यांचे रुपये करणारा असतो एजंट. पैसे त्याला यूपीआयने द्यायचे, तो चिप्स चढवतो. जिंकलात तर चिप्स त्याला परत करायच्या, तो पैसे पाठवतो. एजंटचं खरं नाव कुणाला माहीत नाही. मेसेजिंग ॲपवर एक टोपणनाव आणि सिंहाचा फोटो.

भाच्याच्या खोलीतल्याच मुलाचं काय झालं ते त्याने दुसऱ्या दिवशी, जरा घुटमळत, सांगितलं. त्या मुलाने साडेचार हजार जिंकले आणि काढून घेतले. पैसे आले ते एजंटच्या नव्हे, भलत्याच माणसाच्या खात्यावरून. दीड महिन्याने मुलाचं बँक खातं गोठलं. ते साडेचार हजार कुणा तिसऱ्याच माणसाला फसवून उकळलेल्या पैशांतले होते आणि दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांची नोटीस बँकेकडे आली होती. मेसचे पैसे अडकले, परीक्षेची फी मित्राने भरली. खातं सुटायला चार महिने लागले. घरी त्याने सांगितलं की बँकेची काहीतरी तांत्रिक अडचण आहे. तो मुलगा जिंकलेला होता, हे लक्षात घ्या. हरला असता तर तीन-चार हजारांवर निभावलं असतं.

खेळणाऱ्याला शिक्षा नाही, तसं त्याला संरक्षणही नाही. एजंटने पैसे बुडवले तर तक्रार कशाची करणार?

तरीही मी कायद्यावर थांबलो नाही. कायदे बदलतात, न्यायालयांत आव्हानं दिली जातात, आणि उद्या हा मुलगा नोकरीसाठी अशा देशात जाईल जिथे ऑनलाइन पोकर राजरोस चालतं. तिथे गेल्यावरही त्याला उपयोगी पडेल असं काहीतरी सांगायला हवं होतं.

"पोकर हा कौशल्याचा खेळ आहे," हे त्याचं मुख्य म्हणणं. हा वाद आपल्याकडे जुना आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९६८मध्ये आंध्र प्रदेशातल्या सत्यनारायण खटल्यात रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ मानला. पुढे ऑनलाइन कंपन्यांनी त्या निकालाच्या आधारावर इमारत उभी केली. पोकरच्या बाबतीत मात्र गुजरात उच्च न्यायालयाने २०१७मध्ये हा जुगारच, असं म्हटलं. माझं स्वतःचं मत विचाराल तर पोकर कौशल्याचा खेळ आहे. जॉन फॉन नॉयमनसारख्या गणितज्ञाने खेळांच्या सिद्धांतावरच्या आपल्या १९४४च्या ग्रंथात पोकरमधल्या थापेवर, ब्लफवर, गंभीरपणे लिहिलं आहे. समोरच्याची पानं दिसत नाहीत, त्याच्या बोलीवरून ती ओळखायची, आपली पानं त्याला ओळखू द्यायची नाहीत. सुंदर खेळ आहे, हे मी भाच्यापासून लपवलं नाही.

पण हेच वाक्य नवख्याने उलट बाजूने वाचायला हवं. खेळ कौशल्याचा असेल तर कमी कौशल्याच्या माणसाचा पैसा जास्त कौशल्याच्या माणसाकडे जाणार. निव्वळ नशिबाच्या खेळात पहिल्या दिवशी आलेला आणि दहा वर्षं मुरलेला दोघे सारखेच. इथे तसं नाही. टेबलावर नवा आलेला मुलगा हे बाकीच्यांचं उत्पन्न असतं.

हे जगभर एकदा फार मोठ्या प्रमाणावर घडलेलं आहे. २००३मध्ये अमेरिकेतल्या टेनेसीचा एक हिशेबनीस, ख्रिस मनीमेकर, शंभर डॉलरहून कमी रकमेच्या ऑनलाइन स्पर्धेतून वर चढत लास व्हेगासच्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेत पोहोचला. तिची सरळ प्रवेश फी दहा हजार डॉलर. तो ती स्पर्धा जिंकला आणि पंचवीस लाख डॉलर घेऊन घरी गेला. त्या वर्षी स्पर्धेत ८३९ खेळाडू होते. पुढच्या वर्षी २,५७६, मग ५,६१९, आणि २००६मध्ये ८,७७३. कारकुनाला जमलं तर मला का नाही, असं म्हणत माणसं आली. आडनावसुद्धा मनीमेकर, म्हणजे जाहिरात करायलाच नको. भाच्याच्या यूट्यूबवर आजही तोच भेटतो. त्याच्यामागे जे हजारो आले त्यांची नावं स्पर्धेच्या याद्यांतच राहिली, आणि त्यांनी भरलेल्या पैशावर मुरलेल्या खेळाडूंची काही वर्षं बरी गेली.

आता नालीचा हिशेब. पत्त्यांच्या अड्ड्यावर मालक प्रत्येक डावातून आपला वाटा काढतो, त्याला आपल्याकडे नाल म्हणतात. पोकरमध्ये त्याचं नाव रेक. गोव्यात १९७६च्या जुगार कायद्यात पुढे दुरुस्ती होऊन बोटींवर कॅसिनोला वाट मिळाली. मांडवीतल्या अशा एका बोटीवर मी लेखाच्या निमित्ताने एक रात्र काढली आहे. तिथे ही नाल डोळ्यांना दिसते. डाव संपला की पत्ते वाटणारी मुलगी ढिगाऱ्यातल्या दोन-चार चिप्स उचलते आणि टेबलाच्या खाचेत टाकते. खट् असा आवाज होतो. ऑनलाइन टेबलावर आवाज होत नाही.

गच्चीवर आम्ही कागद घेऊन बसलो. सहा खेळाडू, प्रत्येकाचे हजार रुपये, पाच-दहाचे ब्लाइंड, म्हणजे डाव सुरू होताना दोघांनी सक्तीने लावायचे पाच आणि दहा रुपये. ऑनलाइन तासाला सत्तरेक डाव होतात. धरू की त्यांतल्या पन्नास डावांत रेक कापला जातो, ढीग सरासरी दीडशेचा, आणि रेक पाच टक्के. डावामागे साडेसात रुपये, तासाला ३७५. टेबलावर एकूण पैसा सहा हजार. सोळा तासांत, कुणीही कुणाला न हरवता, सगळा पैसा मालकाच्या खिशात. दर खेळाडूला शंभर डावांमागे हे ८९ रुपयांना पडतं. म्हणजे जवळपास नऊ मोठे ब्लाइंड.

भाच्याने तो आकडा दोनदा तपासला. "म्हणजे शंभर डावांत मी बाकीच्यांपेक्षा नऊ ब्लाइंडने सरस असलो, तरच बरोबरीत सुटणार?" हो. आणि चांगला मुरलेला खेळाडू नाल जाऊन पाच ब्लाइंड कमावत असेल तर तो खूश असतो. खेळ कायदेशीर होता त्या शेवटच्या काळात यावर आणखी भरलेल्या पैशावर २८ टक्के जीएसटी, जिंकलेल्यावर ३० टक्के कर होता, आणि एका वर्षाची हार पुढच्या वर्षीच्या जितीतून वजा करता येत नव्हती. अनेकांनी तेव्हाही हा हिशेब मांडला नव्हता. त्याआधी मीही नाही.

इथवर आल्यावर कुणीही हुशार मुलगा जे म्हणेल तेच तो म्हणाला: "ठीक आहे. दोन महिने छोट्या रकमेवर खेळून बघतो. जमतंय असं दिसलं तर पुढे, नाहीतर बंद." ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं. माझी चौदा महिन्यांची चूक या एका वाक्यात होती, त्यामुळे इथे जरा जास्त थांबतो.

पोकरमध्ये दर शंभर डावांना होणारा चढउतार, ज्याला संख्याशास्त्रात प्रमाण विचलन म्हणतात, साधारण नव्वद मोठ्या ब्लाइंडचा असतो. कमाई पाचाची आणि हेलकावे नव्वदचे. डाव वाढत जातात तशी कमाई डावांच्या पटीत वाढते, हेलकावे वर्गमुळाच्या पटीत. दहा हजार डाव घ्या, म्हणजे शंभर-शंभराचे शंभर गट. चांगल्या खेळाडूची अपेक्षित कमाई ५०० ब्लाइंड, हेलकावा ९००. यातून निघतं असं की खरोखर चांगला खेळणारा माणूस दहा हजार डावांनंतर तोट्यात असण्याची शक्यता २९ टक्के. आणि शंभराला पाच ब्लाइंड हरणारा माणूस दहा हजार डावांनंतर नफ्यात दिसण्याची शक्यताही तेवढीच, २९ टक्के.

रोज दोन तास एका टेबलावर खेळलं तर दहा हजार डावांना सत्तर दिवस लागतात. म्हणजे त्याचे ते "बघतो"चे दोन महिने, वर दहा-अकरा दिवस. एवढं खेळून त्याला जे दिसेल त्यावरून त्याला स्वतःबद्दल फारसं काहीच कळणार नाही. आणि त्याचे आठ हजार म्हणजे ८०० ब्लाइंड. दहा हजार डावांतला एक नेहमीचा हेलकावा ९००चा. मुरलेले लोक टेबलावर बसताना लागणाऱ्या रकमेच्या वीस ते पन्नास पट पैसा राखून ठेवा म्हणतात, तो सावधपणा याच हिशेबातून आला आहे.

मग मी खाली जाऊन वही आणली.

पहिला महिना, अधिक ४,३००. त्या पानावर खाली माझ्याच अक्षरात लिहिलंय: 'संयम हेच माझं बलस्थान.' हे वाक्य भाच्याला दाखवताना जीव कसनुसा झाला. ते पैसे मला पत्त्यांनी दिले होते, संयमाने नव्हे. पण त्या महिन्याने माझी खात्री करून दिली आणि पुढचे तेरा महिने मी त्या खात्रीवर काढले. तोटा झाला की वाटायचं, सध्या पानं वाईट येताहेत. नफा झाला की वाटायचं, आपण सुधारतोय. एकूण ४१ हजार डाव, उणे २७,४०० रुपये. शंभराला पावणेसात ब्लाइंडचा तोटा. नाल नऊची. म्हणजे मी टेबलावरच्या सरासरीपेक्षा सरसच खेळत होतो, आणि तरी बुडत होतो. हे मला वही बंद करून दोन वर्षं झाल्यावर उमगलं.

वहीत मी पैसे भरल्याच्या वेळाही टिपल्या होत्या. एकोणीस वेळा भरले, त्यांतल्या चौदा वेळा रात्री अकरानंतर. एक रात्र मला अजून आठवते. हातात दोन एक्के. टेक्सास होल्डम या पोकरच्या प्रकारात ते २२१ डावांत एकदा येतात. समोरच्याकडे दोन राजे. सगळे पैसे मध्ये. अशा वेळी एक्के पाचातून चारदा जिंकतात. ती पाचवी वेळ होती, शेवटच्या पत्त्याला चौकटचा राजा पडला. पुढच्या पन्नास मिनिटांत मी तीनदा पैसे भरले. शेजारच्या खोलीत बायको-मुलगी झोपल्या होत्या. माझं डोकं शांत आहे असं मला वाटत होतं, हे सगळ्यात वाईट. खेळाडू या अवस्थेला 'टिल्ट' म्हणतात. गेलेले पैसे त्याच रात्री परत आणायची ओढ हे जुगाराच्या आजाराचं ओळखीचं लक्षण आहे, आणि आजार हा शब्द मी विचार करून वापरतोय: जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत तो नोंदलेला आहे, ऑनलाइन जुगारासकट. मदत हवी असेल तर सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. मला तेव्हा असा फोन करायचं सुचलं नाही. मी थांबलो कारण मुलीच्या फीची तारीख आली आणि खात्यात पैसे कमी होते.

भाचा बराच वेळ वही चाळत होता. काही बोलला नाही.

समोर कोण बसलंय हा प्रश्न त्यानेच तिसऱ्या दिवशी काढला, कारण तो त्याच्या विषयातला. जानेवारी २०१७मध्ये पिट्सबर्गच्या एका कॅसिनोत कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्रेटस या प्रोग्रामने चार व्यावसायिक खेळाडूंना वीस दिवस, १ लाख २० हजार डाव खेळून हरवलं. २०१९मध्ये प्लुरिबस या दुसऱ्या प्रोग्रामने सहा जणांच्या टेबलावर तेच केलं. आठ दिवसांत तो शिकवून तयार झाला आणि त्याला लागलेल्या संगणनाचा खर्च दीडशे डॉलरच्या आसपास. संशोधकांनी ते विज्ञानासाठी केलं. पण जे दीडशे डॉलरमध्ये होतं ते कुणीतरी कमाईसाठी करणारच. मोठ्या कंपन्या असे प्रोग्राम पकडायला माणसं ठेवतात. सिंहाच्या फोटोवाला एजंट कुणाला ठेवणार?

माणसंही काही कमी नाहीत. २००७-०८मध्ये ॲब्सोल्यूट पोकर आणि अल्टिमेट बेट या दोन संकेतस्थळांवर काही खात्यांना समोरच्यांची झाकलेली पानं दिसत होती. हे उघडकीला आणलं साध्या खेळाडूंनी, डावांच्या नोंदी तपासून. कुणीही माणूस इतकं जिंकूच शकत नाही, हे आकड्यांतून दिसलं. आणि १५ एप्रिल २०११ला अमेरिकन सरकारने मोठी संकेतस्थळं बंद केली तेव्हा फुल टिल्ट पोकरकडे खेळाडूंचे पैसे परत द्यायला पैसेच नव्हते. लोकांच्या ठेवी वेगळ्या ठेवलेल्याच नव्हत्या. अमेरिकेतल्या खेळाडूंना परतफेड सुरू व्हायला २०१४ उजाडलं. तिथे निदान दावा लावायला न्याय खातं होतं.

"मग खेळूच नको म्हणतोस?"

पैसे लावून नको. हे मी त्याला तेव्हा स्पष्ट सांगितलं, आणि हे लिहितानाही माझं मत तेच आहे. खेळ आवडत असेल तर शिक. मित्रांबरोबर चिंचोके लावून खेळ, पण ठरावीकच चिंचोके दे प्रत्येकाला, संपले की त्या रात्री बाहेर. फुकट चिप्सच्या ॲपवर कुणी पानं टाकतच नाही, सगळे शेवटपर्यंत बघतात, तिथे शिकण्यासारखं थोडं. डाव झाला की काय जिंकलं ते लिहू नकोस. कोणत्या माहितीवर काय ठरवलं ते लिही, आणि आठवड्याने वाच. मी वहीत रुपये लिहिले, निर्णय एकही लिहिला नाही, त्यामुळे ४१ हजार डाव खेळूनही मी जवळजवळ काही शिकलो नाही. आणि ज्या दिवशी पैसे लावल्यावाचून खेळात मजा वाटेनाशी होईल, त्या दिवशी मला फोन कर. रात्री दोनला केलास तरी चालेल.

एक गोष्ट मी त्याच्याकडे मागितली. तुझ्या हाताने प्रोग्राम लिही आणि बघ. माझ्या वर्गमुळांवर विश्वास ठेवू नकोस.

त्या रात्री त्याने लॅपटॉपवर वीसेक ओळींत तो लिहिला. हजार खेळाडू, सगळे एकसारखे: टेबलावरच्या सरासरीपेक्षा चार ब्लाइंडने सरस, नाल जाऊन शंभराला पाचचा तोटा. हजार राखाडी रेघा पडद्यावर उठल्या, वर-खाली फाकत गेल्या. दहा हजार डावांशी त्याने प्रोग्राम थांबवला. शून्याच्या वर २९३ रेघा. त्यांतली वरच्या बाजूची एक त्याने निवडली आणि लाल केली. "हा मी," म्हणाला. लाल रेघ ११०० ब्लाइंड वर होती. अकरा हजार रुपये.

मग त्याने लांबी वाढवून एक लाख डाव केली. रेघांचा झुपका हळूहळू खाली वळला. शेवटी शून्याच्या वर ४१ उरल्या. लाल रेघ त्यांत नव्हती.

तो परत मागे गेला आणि लाल रेघ पहिल्यांदा शून्याखाली कुठे उतरली ते शोधू लागला. २३ हजाराव्या डावाच्या आसपास. त्याने मोबाइलवर भागाकार केला, रोजचे दोन तास धरून.

"साडेपाच महिने," म्हणाला. "म्हणजे एप्रिल. तोवर मी प्लेसमेंटचे सगळे राऊंड सोडून दिले असते, मामा."